किरणोत्सारी इंजेक्शन घ्यायचं, पण नातवाचं काय?

"डॉक्टर, मला अणुबॉम्बचं औषध टोचणार म्हणे. नातू चार वर्षांचा आहे हो, त्याला जवळ घेता येईल ना?"

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन ठरलेल्या एका काकूंचा हा प्रश्न. हातातल्या कागदावर 'सेंटिनल नोड' आणि 'टेक्नेशियम' असे दोन शब्द होते. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहितोय.

मला एकदम माझी मावशी आठवली. तिचं हेच ऑपरेशन तीसेक वर्षांपूर्वी झालं. तेव्हा काखेतल्या लसिका ग्रंथी सरसकट काढत. कर्करोग गेला, पण डावा हात जो सुजला तो कायमचा. ब्लाउजची एक बाही नेहमी मोठी शिवावी लागे. त्या काढलेल्या ग्रंथींत कर्करोग होता का? एकीतही नव्हता.

आता सरसकट काढत नाहीत. कर्करोगाच्या पेशी काखेकडे सरकल्या, तर त्या सहसा आधी एक-दोन ठरावीक ग्रंथींत अडकतात. या पहारेकरी ग्रंथी शोधून तपासायच्या. त्या स्वच्छ असतील, तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. मग हात सुजण्याची शक्यताही खूप कमी होते. (काखेत कर्करोगाची गाठ आधीच सापडली असेल, तर गणित वेगळं.)

पण काखेतल्या वीस-पंचवीस ग्रंथींमधून पहारेकरी ओळखायचा कसा? त्यासाठी ते इंजेक्शन. त्यात अल्ब्युमिन या आपल्या रक्तातल्याच प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण असतात, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान. मापाला इथे फार महत्त्व आहे. कण फार लहान असले तर रक्तात निसटतात, फार मोठे असले तर टोचले तिथेच बसून राहतात. योग्य मापाचे कण ग्रंथीपर्यंत पोचतात आणि तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळून धरून ठेवतात. प्रत्येक कण म्हणजे गाडी आणि टेक्नेशियम हा तिच्यावरचा दिवा. सर्जन काखेवर पेनासारखं यंत्र फिरवतात. जिथे ते जोरात वाजतं, तिथे ग्रंथी.

हा दिवा लवकर विझतो. दर ६ तासांनी तो निम्मा होतो, म्हणजे २४ तासांनी उरतो फक्त सोळावा हिस्सा. मुळात डोसही अगदी थोडा. काकूंना म्हटलं, न्यूक्लिअर मेडिसिनवाले सांगतील तेवढं पाळा आणि दुसऱ्या दिवशी नातवाला खुशाल मांडीवर घ्या. तुम्ही गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर मात्र आधी सांगायलाच हवं.

मग दिव्याच्या जागी निखारा ठेवून गाठच जाळता येईल का? ल्युटेशियम-१७७ हा तसा निखारा. त्याचे बीटा किरण जेमतेम दोन मिलिमीटर जातात. प्रोस्टेटच्या आणि काही न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी तो आजही वापरतात, पण लहान रेणूंना जोडून. नॅनोकणांवर बसवून द्यायचं काम बरंचसं प्रयोगशाळेतच आहे, कारण शिरेतून दिलेले कण गाठीपर्यंत पोचण्याआधीच यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. ग्रंथीत जी गिळण्याची सवय आपल्या उपयोगी पडते, तीच इथे आडवी येते. म्हणून कुणी 'नॅनो उपचारा'चं पॅकेज विकायला आलं, तर पैसे भरण्याआधी तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा.

काकूंच्या दोन्ही पहारेकरी ग्रंथी स्वच्छ निघाल्या. टाके काढल्यावर त्या मला भेटायला आल्या, जरा रागावूनच. ऑपरेशनच्या वेळी ग्रंथी शोधायला निळा रंगही टोचतात, त्यामुळे एक-दोन दिवस लघवी हिरवी-निळी होते.

"एवढं सगळं सांगितलंत, तेवढं सांगायला काय झालं होतं? मी रात्रभर घाबरून बसले होते!"

चूक माझीच. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.