पुन्हा लागलेला सूर

‘पूर्वीचा तो राहिला नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त आहे. गवई, नट, लेखक, क्रिकेटपटू, कोणीही त्यातून सुटलेला नाही. त्या मानाने ‘त्याला पुन्हा सूर सापडला’ असे म्हणण्याची वेळ क्वचित येते. आणि ती आली की पुढचा प्रश्न विचारायचे आपण विसरतो. सापडला तो जुनाच सूर असतो का?

मला हा प्रश्न पडला तो ‘ओपेथ’ या स्टॉकहोमच्या वाद्यवृंदामुळे. ही मंडळी जे वाजवतात त्याला ‘प्रोग्रेसिव्ह मेटल’ म्हणतात. दहा-दहा मिनिटांची गीते, मध्येच बदलणारे ताल, विजेच्या गिटारांचा गडगडाट आणि त्यातच अचानक उघडणारी एखादी शांत, हळवी जागा. त्यांचा गायक मिकाएल ओकरफेल्ट जणू दोन गळ्यांनी गातो. एक गळा नितळ; दुसरा म्हणजे पोटातून उठणारी गुरगुर. २००१ चा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ ऐकला की हे दोन गळे एकमेकांना कसे तोलून धरतात ते कळते. आमच्या आजीने मात्र ती गुरगुर एकदाच ऐकली आणि ती मीठ-मोहऱ्या शोधू लागली!

२००८ च्या ‘वॉटरशेड’नंतर ओकरफेल्टने ही गुरगुर ध्वनिमुद्रणांतून वगळली. २०११ च्या ‘हेरिटेज’पासून २०१९ च्या ‘इन कॉडा व्हेनेनम’पर्यंतचे चार अल्बम नितळ आवाजात आले, जुन्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या ओढीने. जुने भक्त रागावले. त्यांत आमचा थोरला चुलतभाऊ, दादा, अग्रभागी. “संपले ते!” असा त्याने निकालच दिला. योगायोग असा, की त्यानंतर लवकरच त्याचे स्वतःचे गिटारही माळ्यावर गेले. स्नेहसंमेलनात ज्याच्या नावाचा गजर व्हायचा तो दादा चिंचवडच्या एका कारखान्यात पाळ्या करू लागला. घरात त्या गिटारचा विषय कोणी काढत नाही. मी मात्र वाढलो तो त्या चार ‘संपलेल्या’ अल्बमांवरच.

२२ नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांचा चौदावा अल्बम आला : ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’. काळ पहिल्या महायुद्धानंतरचा. एका धनाढ्य, करड्या कुटुंबप्रमुखाचे मृत्युपत्र वाचले जात आहे आणि घराण्याची गुपिते बाहेर पडत आहेत. पहिल्या सात गीतांना नावे नाहीत. मृत्युपत्रातील कलमांसारखे नुसते क्रमांक आहेत. ‘जेथ्रो टल’चा इअन अँडरसन यात निवेदन करतो, बासरीही वाजवतो. आणि सोळा वर्षांनी ती गुरगुर परत आली आहे!

‘जुने ओपेथ परतले’ असा जयघोष झाला. मला तो अर्धाच खरा वाटतो. आता ती गुरगुर मला एका पात्राची, मरणानंतर बोलणाऱ्या बापाची वाटते. तिच्या भोवतालचे व्हायोलिनचे थर, कथा सांगण्याची ती सवड, हे सारे मधल्या वर्षांत कमावलेले आहे. ड्रमवर बसलेला वाल्टेरी वायरिनेन हा फिनलंडचा तरुण तर २०२२ साली आला. मधली वर्षे वजा केली तर हा अल्बम उरतच नाही.

गेल्या मे महिन्यात दादा घरी आला तेव्हा मी त्याला तो ऐकवला. एका ठिकाणी तो थबकला. “ही जागा यांनी कुठून आणली रे?”

“तू ऐकलं नाहीस त्या वर्षांतून, दादा.”

तो काही बोलला नाही. पुन्हा लावायला मात्र त्याने खुणेने सांगितले.

गिटार अद्याप माळ्यावरच आहे. विशीतली चपळाई आता बोटांत येणार नाही, हे दादा जाणतो; बहुधा त्यामुळेच तो माळ्याकडे पाहत नाही. पण रात्रपाळीत यंत्रांच्या सोबतीने काढलेली वर्षेही त्याचीच आहेत, आणि ती विशीतल्या दादाजवळ नव्हती. पन्नाशीतल्या ओकरफेल्टने आपली मधली वर्षे टाकून दिली नाहीत. त्यांच्यासकट तो परतला. पूर्वीचा दादा मला नकोच आहे. आज आहे तो दादा काय वाजवील, एवढेच मला ऐकायचे आहे.