छपरावरील गारा आणि पन्हळींतील बांध

भंडाऱ्यास येणारा प्रवासी पितळी भांड्यांचा बाजार पाहतो, वैनगंगेचें पात्र पाहतो आणि खांब तलावाकांठीं घटकाभर बसून परततो. त्यानें जुन्या वस्तींतून जातांना मान वर करून छपरेंही पाहावीं, अशी आमची विनंति आहे. सिमेंटच्या गच्च्या आतां पुष्कळ झाल्या. तरी त्यांच्यामधून कवेलूंचे तांबूस उतार अद्याप डोकावतात.

देशी कवेलूंची रचना साधी. एक ओळ उताणी, तिच्या कडांवर दुसरी पालथी. वरचें कवेलू खालच्यावर थोडें चढलेलें. येथें वर्षाकाठीं सुमारें ५० इंच पाऊस पडतो, तरी माजघर कोरडें राहतें. कारण हें छप्पर पाण्यास अडवीत नाहीं, वाट देतें. पाणी खालीं वाहत आहे तोंवर निर्भय असावें. तें साचून मागें चढूं लागलें कीं, सांध्यांतून आंत आलेंच म्हणून समजावें.

हें ज्यास उमगलें त्यास हिमप्रदेशांतील गृहस्थाची पीडाही कळेल. तेथें घरांतील ऊब वर जाऊन छपरावरील हिम तळाशीं वितळवते. तें पाणी वळचणीशीं येतें. तेथें खालून ऊब नसल्यानें गोठतें, बर्फाचा बांध होतो आणि मागचें पाणी तुंबून घरांत उतरतें. शिवाय भार निराळाच. एक घनमीटर बर्फाचें वजन ९०० किलोग्रॅमांहून अधिक भरतें. म्हणून काश्मीरांत पत्र्याचीं छपरें उभ्या उताराचीं करितात. कित्येक देशांत लोक जमिनीवर उभे राहूनच लांब दांड्याच्या फावड्यानें वळचणीचें हिम ओढतात. परंतु खरा उपाय आंतला : छतावर ऊब रोखणारा थर घालावा आणि माळ्यांत थंड वारा खेळता ठेवावा.

आमच्याकडे हिम नाहीं, पण गारा आहेत. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चांत महाराष्ट्रांत गारपिटीनें जो कहर केला, त्याची झळ विदर्भासही लागली. गारेनें कवेलू फुटतें हें सर्वांस दिसतें; न दिसणारें तें पन्हळींत घडतें. दोन पाखीं मिळतात तेथें गारा घरंगळून ढीग होतो, त्यांत कडुनिंबाचा पाला अडकतो, आणि मागून येणारें पाणी त्या बांधाशीं तुंबून कवेलूंखालीं शिरतें. घरचीं माणसें मग फुटकें कवेलू शोधीत बसतात आणि तें सांपडत नाहीं.

म्हणून होळीपूर्वीं पन्हळ झाडून घ्यावी. गारा पडून विजा थांबल्यावर शिडीवरून लांब बांबूनें ढीग मोकळा करावा. ओल्या कवेलूंवर पाय देऊं नये. मृगापूर्वीं कवेलू फेरावीं, म्हणजे उतरवून, फुटकीं वगळून, पुन्हां ओळीनें बसवावीं.

अडचण येथेंच आहे. फेरणारे हात थोडे उरले. गळतें म्हणून घर पाडून गच्ची घालणाऱ्यांचीही सुटका नाहीं. तिच्या नळाचें तोंड पाल्यानें बुजलें कीं तिचा हौद होतो. तेव्हां ज्यांच्या घरीं कवेलू आहेत त्यांनीं यंदा कारागिरासोबत घरांतील एखाद्या तरुणास शिडीशीं उभें करावें. कवेलू हातीं देतां देतां, आपल्या घराची पन्हळ कोठें तुंबते तें तो शिकेल. नातवंडांच्या वेळीं विचारावयास कारागीर असेलच, असें आम्हांस सांगवत नाहीं.