पावसाळी दुपार आणि प्रभातचा ‘शेजारी’

पुण्यास आषाढसरी कोसळू लागल्या म्हणजे पर्वतीकडे जाणारे पुष्कळ. परंतु लॉ कॉलेज रस्त्यावरील प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या वास्तूकडे पावले क्वचितच वळतात. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली ही संस्था १९३३ साली येथे आली. १९६० पासून या आवारात चित्रपटविद्येची सरकारी शाळा नांदत आहे.

प्रभात म्हटले की ‘संत तुकाराम’ सर्वांस आठवतो. त्याच आवारात निपजलेला, १९४१ सालचा ‘शेजारी’ मात्र मागे पडला. पावसाने घरी अडकलेल्या वाचकांस आम्ही तोच सुचवितो. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, कथा विश्राम बेडेकरांची, संगीत मास्तर कृष्णरावांचे. केशवराव दात्यांचा पाटील आणि गजानन जागीरदारांचा मिर्झा हे जिवलग शेजारी. धरण बांधू पाहणारा धनिक त्यांच्यांत वितुष्ट पाडतो. अखेर धरण फुटते, आणि त्या प्रलयातच दोघे पुन्हा एक होतात.

पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेचे पाणी पुण्यात शिरले. ज्या घरांनी तो दिवस पाहिला, त्यांस पडद्यावरील तो लोंढा निव्वळ करमणूक वाटणार नाही. परंतु चित्राचा बोध याहून खोल आहे. धरणास भगदाड पडण्यापूर्वीच ते मनांस पडलेले असते.

वडीलधाऱ्यांनी नातवंडांस जवळ घेऊन हा बोलपट अवश्य पाहावा. आणि पाऊस उघडताच शेजाऱ्याच्या दारी एक फेरी घालावी.