घर चाकांवर, भार बुशवर

परदेशी राहणाऱ्या मुलांकडे सहा महिने राहून आलेल्या आईवडिलांच्या गोष्टी आता आपल्याकडे नव्या राहिलेल्या नाहीत. नायगारा पाहिला, मोठमोठी दुकाने पाहिली, नातवंडांना शुभंकरोति शिकवले आणि परत आलो, असे सगळेच सांगतात. आम्हीही हे सगळे केले. पण आमच्या वाटणीला आणखी एक अनुभव आला, आणि तो आला एका रबराच्या तुकड्यामुळे. मुठीत मावेल एवढ्या त्या तुकड्याला गॅरेजच्या भाषेत ‘बुश’ म्हणतात.

बुश हा शब्द मला नवा नव्हता. आमचे हे १९७८ ते २०१२ अशी चौतीस वर्षे एस.टी.च्या कार्यशाळेत होते. साताऱ्यात आमचे घर डेपोपासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी घरी आले, की हात धुता धुता ‘आज तीन गाड्यांच्या पाट्यांचे बुश केले’, हे वाक्य मी कितीदा ऐकले असेल! लोखंडाचा एक भाग दुसऱ्या भागाला जोडलेला असतो आणि दोघांनाही थोडे हलायचे असते. अशा ठिकाणी मध्ये बुश घालतात. धक्का त्याने सोसायचा आणि झिजायचेही त्यानेच, असे हे सांगत.

आमचा मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबस शहरी असतो. त्याने एक जुनी मोटारहोम विकत घेतली होती. मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर. पुढे ड्रायव्हरची केबिन, तिच्या डोक्यावर माडीसारखा पलंग, मागे छोटा ओटा, शेगडी, फ्रिज, संडास-मोरी, टेबल, आणि पाण्याची टाकी. तिकडची निवृत्त जोडपी अशा गाडीतून महिनोन् महिने देश पाहत फिरतात. मुलाची गाडी १९९८ सालची, फोर्डच्या व्हॅनच्या चासीवर बांधलेली. सामानसुमान भरले, की वजन पाच टनांच्या आसपास. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही पोचलो, तेव्हा जूनच्या अखेरीला सगळ्यांनी मिळून ग्रेट स्मोकी माउंटन्सला जायचा बेत ठरलेला होता. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांच्या सीमेवरचे ते डोंगर. कोलंबसहून रस्ता सहाशे किलोमीटरच्या वर.

पहिल्याच रविवारी मुलाने आम्हाला हौसेने फेरी मारून आणली. मी मागे नातीबरोबर, हे पुढे त्याच्याशेजारी. गाडी सरळ रस्त्यावरही सरळ चालेना. मुलगा सारखा स्टेअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे करत होता. ब्रेक दाबला, की पायाखाली ‘धप्’ असा आवाज येई. यांनी पूर्ण फेरीत एक शब्द काढला नाही. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, “बाबा, जुन्या मोटारहोम थोड्या भरकटतातच. ज्यांच्याकडून घेतली, तेही म्हणाले, सवय होते.”

“सवय माणसाला होते, गाडीला होत नाही,” हे म्हणाले. “गाडी भरकटते म्हणजे कुठं तरी ढिलं आहे.”

दुसऱ्या दिवशी यांनी एक साधी परीक्षा घेतली. मुलाला घरासमोरच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी अगदी सावकाश पुढे घेऊन ब्रेक दाबायला सांगितला. आम्ही दोघे बाजूला, चांगले सहा हात लांब उभे राहिलो. “चाकाकडं बघ,” हे मला म्हणाले, “पत्र्याच्या कमानीत चाकाच्या मागं किती जागा आहे ते बघ.” ब्रेक लागला आणि ते अख्खे चाक कमानीत मागे सरकलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. अर्धा इंच तरी असेल. ब्रेक सोडला, की पुन्हा पुढे. मला यंत्रातले काही कळत नाही, पण चाकाने असे हलायचे नसते, एवढे कोणालाही कळेल.

यांनी मग वहीच्या पानावर चित्र काढून मला आणि नातीला समजावले. एस.टी.ला पुढे एकच सरळ धुरा असतो आणि तो पाट्यांवर बसतो. या गाडीची तऱ्हा वेगळी. फोर्डने १९६५ साली आपल्या छोट्या ट्रकांना पुढच्या बाजूला एकाऐवजी दोन पोलादी तुळया दिल्या. पुढे व्हॅननाही तीच रचना आली. प्रत्येक तुळई आपल्या चाकापासून निघते, गाडीच्या पोटाखालून पलीकडे जाते आणि तिथे चासीला एका बुशमध्ये अडकते. शिवाय चाकाजवळून एक जाड दांडा मागे जाऊन चासीच्या ब्रॅकेटला मिळतो. चाकाला पुढे-मागे न सरकू देणे हे या दांड्याचे काम. त्याच्या टोकाला ब्रॅकेटच्या पुढे एक आणि मागे एक अशी रबरे असतात. ती पिचली, की ब्रेक दाबल्यावर दांडा धपकन मागे जातो. दोन्ही बाजूंची रबरे सारखी पिचत नाहीत, म्हणून एक चाक जास्त सरकते, दुसरे कमी, आणि गाडी एका अंगाला ओढते. डोंगराच्या उतारावर, मागे पाच टन वजन असताना असे झाले तर काय, हे यांनी बोलून दाखवले नाही. मुलाच्या चेहऱ्यावरून त्याला ते कळले होते.

यात गाडी बनवणाऱ्याचा काही दोष नव्हता. पंचवीस वर्षांचे रबर ते. ऊन, तेल, सायलेन्सरची धग आणि एका जागी उभे राहणे, या सगळ्यांनी रबर कडक होते, त्याला चिरा जातात. किलोमीटर कमी झाले असले तरी वय थांबत नाही. बसून राहिल्याने सांधे धरतात, हे आमच्या वयाच्या माणसांना वेगळे सांगायला नको.

मुलाने एका गॅरेजात विचारले. एवढी अवजड गाडी उचलणारी जागा सगळ्यांकडे नसते, त्यामुळे पाच आठवडे थांबा म्हणाले, आणि खर्च सांगितला अठराशे डॉलर. बुश सगळे मिळून सव्वाशे डॉलरचे, बाकी मजुरी. हे म्हणाले, “मी करतो.”

आणि घरात वाद सुरू झाला. यांचे वय एकोणसत्तर, दोन वर्षांपूर्वी ॲन्जिओप्लास्टी झालेली. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्हाला मी पाच टनांच्या गाडीखाली जाऊ देणार नाही. ट्रिप रद्द झाली तरी चालेल.” त्याचे काहीच चुकत नव्हते. पण यांना ते लागले. दोन दिवस हे खिडकीशी बसून राहिले.

यामागे जुनी एक गोष्ट होती. मुलगा शाळेत असताना डबा द्यायला डेपोवर जाई. हे डबा गेटवरच घेत आणि त्याला आत येऊ देत नसत. “तुझं इथं काही काम नाही, अभ्यास कर,” एवढेच म्हणत. पोराचे हात काळे होऊ नयेत, ही त्यामागची इच्छा. ती पुरी झाली, मुलगा शिकून कॉम्प्युटरवाला झाला. पण बापाला आयुष्यभर काय येत होते, ते त्या पोराने कधी पाहिलेच नव्हते. त्याच्या लेखी बाबा म्हणजे दमून घरी येणारे बाबा. पगार आणून देत, पण कामाबद्दल कधी बोलले नाहीत, कारण त्याला सांगायचेच नाही असे त्यांनी ठरवले होते.

तिसऱ्या दिवशी मी दोघांना समोर बसवले आणि माझी अट सांगितली. “अहो, तुम्ही गाडीखाली जायचं नाही. खुर्चीवर बसून सांगायचं. आणि तू रे, ते सांगतील तसं करायचं, मध्ये फोनवर बघायचं नाही.” सून हसली, म्हणाली, “आई, मी हत्यारं हातात द्यायला उभी राहते.” ठरले.

दोन शनिवार-रविवार गेले. पहिल्या शनिवारी तर नुसती तयारीच. तिकडे थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीच्या पोटातले नट गंजून जाम झालेले. आदल्या दिवशीपासून त्यांवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा मारून ठेवला. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. चासी जॅकने उचलली आणि तिच्याखाली लोखंडी स्टँड ठेवले. यांनी स्वतः उठून एकेक स्टँड हलवून पाहिला. “जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही,” हे वाक्य त्यांनी दिवसभरात दहा वेळा म्हटले असेल.

पुढच्या बाजूला जाड स्प्रिंगा असतात. दाबलेली स्प्रिंग म्हणजे ताणलेला धनुष्याचा दोर. तुळईखाली जॅक लावून तो अगदी सावकाश खाली घेतला आणि स्प्रिंग मोकळी होऊ दिली. ब्रेकचा जड भाग तारेने बांधून ठेवला, नाहीतर त्याचे वजन ब्रेकच्या नळीवर येते. दांड्याच्या टोकाचा नट काही केल्या सुटेना. यांनी पान्याला चार फुटी पाइप घालायला लावला. “झटका देऊ नको. अंगाचा भार टाक आणि थांब.” कर्रर्र आवाज करून नट फिरला, तेव्हा माझी नात टाळ्या पिटायला लागली.

जुनी रबरे बाहेर आली, ती भाकरीसारखी चपटी. सायलेन्सरच्या बाजूचे तर हातात चुरले. तुळईतले बुश मात्र पोलादी नळीत बसवलेले असतात, ते ठोकून निघत नाहीत. सुट्या भागांच्या दुकानातून अनामत ठेवून दाबयंत्र आणता येते, तशी तिकडे सोय आहे. मुलाने ते आणले. लांब आट्यांचा दांडा फिरवत गेले, की जुने बुश एका बाजूने सरकते आणि त्याच पद्धतीने नवे आत जाते. मुलाने पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत का, असे विचारले होते. ते जास्त टिकतात खरे, पण कडक असतात. धक्का गाडीत जास्त पोचतो आणि ग्रीस नसेल तर कुरकुरतात. यांनी साधे रबरच घ्यायला लावले. “आपण शर्यतीला निघालो नाही, घर घेऊन निघालोय.”

सगळे बसवून झाले. मुलगा उत्साहाने तुळईचे बोल्ट कचकचून आवळायला निघाला, तर हे खुर्चीतून उठून उभे राहिले. “थांब! आत्ता नुसते हाताने लाव. चाकं बसव, गाडी खाली घे, दोनदा पुढं-मागं ढकल आणि मग आवळ.”

का, ते त्यांनी नंतर सांगितले. गाडी वर टांगलेली असताना तुळया खाली लोंबत असतात. त्या स्थितीत बोल्ट आवळला, तर रबर तिथेच पकडले जाते. गाडी जमिनीवर आली, की तुळई वर येते आणि रबराला पीळ बसतो. मग ते उभ्या गाडीतही रात्रंदिवस पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. म्हणून भार चाकांवर घेऊन, गाडी जशी रोज उभी राहणार तशी उभी करून, मगच शेवटचे आवळायचे. तेही अंदाजाने नाही, पुस्तकात दिलेल्या मापाने, टॉर्कच्या पान्याने.

मुलगा काही बोलला नाही. रात्री जेवताना म्हणाला, “बाबा, हे तुम्ही चौतीस वर्षं करत होता?” हे म्हणाले, “रोज.” तेवढेच. पण यांनी त्या रात्री भात दोनदा घेतला.

पुढे ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका ठिकाणी चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. बुश बदलले, की चाकांचे कोन बदलतात, ते न केल्यास नवे टायर एका बाजूने खाल्ले जातात. त्यासाठीही गाडी पाण्याची टाकी आणि सामान भरून न्यायला लावली. नुसत्या टाकीतच दीडशे लिटर पाणी, म्हणजे दीडशे किलो वजन.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. इंटरस्टेट ७५ हा महामार्ग केंटकीतून टेनेसीत शिरतो, तिथे जेलिको डोंगराचा मोठा चढ-उतार आहे. उतारावर मुलाने गिअर खाली घेतला, अधूनमधून ब्रेक दाबला. धप् नाही, ओढणे नाही. हे पुढच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले होते आणि चक्क डुलक्या घेत होते.

वाचकांपैकी कोणाकडे मोटारहोम नसेल, पण गाडी पुष्कळांकडे आहे, आणि बुश सगळ्या गाड्यांना असतात. ब्रेक दाबताना किंवा गतिरोधकावरून जाताना खालून ठक् आवाज येत असेल, गाडी एका अंगाला ओढत असेल, टायर एका बाजूने झिजत असेल, तर ‘जुनी गाडी अशीच चालायची’ म्हणून सोडून देऊ नका. मेकॅनिकला पहारीने हलवून बुश दाखवायला सांगा. आणि नवे बसवताना, शेवटचे आवळणे गाडी खाली घेऊन कराल ना, एवढे जरूर विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावणार नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात मुलाने त्या गाडीचे मागचे शॉक ॲब्सॉर्बर स्वतः बदलले. साताऱ्यात रात्रीचे साडेनऊ वाजले होते. व्हिडिओ कॉल लावून त्याने फोन गाडीखाली टेकवला होता. हे चष्मा लावून, अंथरुणावर सरसावून बसलेले. “स्टँड हलवून बघितलास?” “बघितला.” “दोन्ही?” “दोन्ही, बाबा. आणि शेवटचा नट गाडी खाली घेऊनच आवळणार आहे.” यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “त्याला आता माझी गरज नाही.” पण ते म्हणताना यांचा चेहरा इतका समाधानी होता, की मी काही बोलले नाही. उठून चहाचे आधण ठेवले.