नातवाची गिटार

शिक्षणासाठी वेल्ह्याहून भोरला आमच्याकडे राहिलेल्या नातवाने विजेच्या गिटारीचा हट्ट धरला. घरात आजी अंथरुणाला खिळलेली; मी मनातून नाराजच होतो. तरी पुण्याला गेलो.

त्या वाद्याचे अंग भरीव होते. पोलादी तार छेडली, तर नुसती कुजबुज! तारांखाली तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळलेली लोहचुंबके असतात. तार कंप पावली, की वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. ध्वनिवर्धक तो वाढवून ऐकवतो. घराला १० वॉटचा पुष्कळ होतो. (आमचे घर ते केवढे!)

थोरल्या ध्वनिवर्धकाकडे पाहत नातू म्हणाला, “आजोबा, लहानच घेऊ. त्याला हेडफोन लागतो. आजीची झोप मोडायची नाही.”

रात्री मी त्याच्या दाराशी उभा राहिलो. आतून तारांची कुजबुज तेवढी येत होती.