पडदा उचलण्यापुरता जोर

नानांच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे. उभा जन्म पहाटे पाचला उठून वह्या तपासणाऱ्या या माणसाला अर्धांगवायूनंतरही जाग पाचलाच येत राहिली; उजवा हात तेवढा उठेनासा झाला. खिडकीवरच्या रोलर ब्लाइंडची मण्यांची साखळी पलंगापासून चार हातांवर. कुणाला हाक मारायची नाही, हा त्यांचा जुना बाणा. परिणामी बाहेर लख्ख उजाडले तरी घर जागे होईपर्यंत ते अंधारात छताकडे पाहत पडून राहत. हे माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले. पडद्याला मोटर बसवण्याचा उद्योग मी अंगावर घेतला तो या अपराधी भावनेपोटी, यंत्रविद्येच्या आवडीने नव्हे.

तयार मोटरचे पडदे बाजारात मिळतात. पण चांगला पडदा काढून टाकून त्याच्या कैक पट पैसे मोजणे नानांना मानवले नसते. तेव्हा मी पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली आणि "पडद्यासाठी एक मोटर द्या" असे सांगितले. दुकानदाराने शांतपणे विचारले, "मॅडम, वजन किती? नळीचा व्यास किती?" आयुष्यभर मुलांना 'संदर्भ द्या' म्हणून टोकणारी मी, संदर्भाविनाच उत्तर मागायला गेले होते!

घरी येऊन मोजमाप केले. कापड आणि खालची पट्टी मिळून १.१ किलो, नळीची त्रिज्या १.९ सेंटिमीटर. या दोहोंचा गुणाकार सुमारे २.१ किलो-सेंटिमीटर. याला परिभाषेत परिबल म्हणतात, गल्लीत टॉर्क. घर्षण आणि अडचणीच्या प्रसंगांसाठी तो दुप्पट धरावा, म्हणजे सव्वाचार. पडदा गुंडाळला जाताना त्रिज्या वाढत जाते, पण लोंबणारे कापडही कमी होत जाते. तेव्हा सर्वांत कठीण क्षण सुरुवातीचाच. (लेखनाचेही असेच असते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण असो.)

हा हिशेब करण्याआधीच मी एक चूक करून बसले होते. २८बीवायजे-४८ नावाची पाच व्होल्टची चिमुकली स्टेपर मोटर आणि तिचा यूएलएन२००३ ड्रायव्हर, दोन्ही किरकोळ किमतीत मिळतात म्हणून घेऊन ठेवले होते. तिचा टॉर्क साधारण ०.३ किलो-सेंटिमीटर. पडद्याला जोडल्यावर ती जागच्या जागी थरथरली, कण्हली आणि गप्प झाली. नाना पलंगावरून म्हणाले, "तिला का छळतेस?"

मग नेमा-१७ आणली. हा आकडा मोटरच्या ताकदीचा नाही, दर्शनी भागाच्या मापाचा आहे: १.७ इंच. हिचा स्थिर टॉर्क चारच्या आसपास; फिरताना तो आणखी उतरतो. म्हणजे काठावर पास. तरीही पडदा वर गेला, आणि मला आनंद झाला.

इथे ड्रायव्हरविषयी सांगायला हवे, कारण माझी खरी फसगत तिथेच झाली. हा शब्द ऐकून वाटते की गाडी हाकणारा तोच. प्रत्यक्षात तो दुभाष्या आहे. आज्ञा देणाऱ्या नियंत्रकाच्या एका पायातून वीसेक मिलिअँपिअर प्रवाह निघतो; मोटरच्या वेटोळ्याला त्याच्या पन्नास-साठपट लागतो. क्षीण आवाजातली आज्ञा मोटरला समजेल अशा प्रवाहात सांगायची, हे ड्रायव्हरचे काम. मी घेतलेला ए४९८८ ती इमानाने सांगत होता, पण गात गात. पहाटेच्या शांततेत ती किरकिर भिंतीपलीकडे झोपलेल्या आईपर्यंत पोचली. कुणाची झोप मोडायची नाही म्हणून तर नाना हाक मारत नव्हते. आता त्यांच्या वतीने मोटर हाक मारू लागली. त्यांनी दोन दिवस बटणाला हात लावला नाही.

चालू वीज असताना मोटरची तार काढून मी तो ड्रायव्हर जाळला, ही एका अर्थी सोयच झाली. त्याच्या जागी टीएमसी२२०९ आला. मोटरच्या एका पूर्ण पावलाचे तो आतल्या आत २५६ बारीक तुकडे करतो आणि प्रवाह हिसके न देता चढवतो-उतरवतो. पहिल्यांदा चालवला तेव्हा बंदच आहे असे वाटून मी जोडण्या तपासत बसले. पडदा तोवर वीतभर वर गेला होता.

पुढच्याच आठवड्यात रात्री वीज गेली आणि पडदा धाडकन खाली आला. स्टेपर मोटर भार धरून ठेवते ती प्रवाहाच्या बळावर. प्रवाह गेला की हात सुटतो. नाना दचकून उठायला गेले आणि पलंगाच्या कडेशी आले. पडले नाहीत, पण मी तो पडदा काढून टाकायच्या बेतात होते. उपाय अगदी साधा निघाला: वर्म गिअर, एकास तीस. यात मोटर नळीला फिरवू शकते, पण नळी मोटरला फिरवू शकत नाही. दात्यांमधले घर्षणच तिला अडवते. वेग अर्थातच घटला. पडदा पुरता वर जायला दीड मिनिट लागते.

ही खरेदी करण्याआधीच मी ठरवले होते की सूर्योदयाच्या वेळा यंत्रात भरून ठेवायच्या, म्हणजे सगळे स्वयंचलित होईल. नानांनी तो शब्द पकडला. "स्वयं म्हणजे कोण?" त्यांनी विचारले, "पडदा की मी?" बोलताना त्यांची जीभ अजून अडखळते, पण प्रश्न वर्गात विचारावा तसा होता. मी वेळापत्रक खोडले. डाव्या हाताशी एक बटण दिले. दाबून ठेवले तर पडदा चालेल, सोडले तर तिथेच थांबेल, ही अटही त्यांचीच.

आता सकाळी मी चहा घेऊन जाते तेव्हा पडदा खिडकीच्या मध्यावर थांबलेला असतो, रोज नेमका तिथेच. मोटर अडकते की काय म्हणून मी एकदा टाचणीने दाते साफ करायला बसले.

"ठीक आहे ते," नाना म्हणाले. "त्याच्यावर गेलं की समोरच्या गच्चीतली टाकी दिसते."