पाळायला सोपी

मुंग्या पाळायला निघालेल्या नवख्याला पहिला सल्ला ठरलेला असतो: आधी सोपी जात घे. सोपी म्हणजे काहीही खाणारी, साखरपाण्यावर आणि मेलेल्या झुरळावर सारख्याच खुशीत राहणारी. घरटं हललं, अचानक उजेड पडला, दोन दिवस पाणी घालायचं राहून गेलं, तरी जिचं काही बिघडत नाही अशी. जिच्या घरट्यात एकाऐवजी पाच-दहा राण्या गुण्यागोविंदाने नांदतात आणि शेकड्याचे हजार व्हायला फार दिवस लागत नाहीत अशी. विकणारा हे सगळं गुण म्हणून सांगतो आणि घेणाराही तसंच ऐकतो. पण कीटकशास्त्राचं कुठलंही पुस्तक उघडून आक्रमक परदेशी मुंग्यांची लक्षणं पाहिली, तर तिथेही ओळीने हीच यादी सापडते: खाण्याचे नखरे नाहीत, घरट्याचा हट्ट नाही, राण्या अनेक, वाढ झपाट्याची. काचेच्या पेटीत सोय ठरणारा प्रत्येक गुण पेटीबाहेर गेला की त्रास ठरतो. म्हणून मुंग्या पाळणाऱ्याने सोपी मुंगी मागूच नये, असं माझं मत आहे. सोलापूरसारख्या ठिकाणी तर मुळीच नाही.

अवघड मुंगी कशी असते, हे आपल्या काळ्या मुंगळ्याकडे पाहिलं की कळतं. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या बुंध्याशी घर करणारा हा मुंगळा, शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. पहिल्या पावसानंतर उडून आलेली त्याची राणी पंख गाळते आणि लपायला फट शोधू लागते. पाळणारा तिला काचेच्या नळीत ठेवतो: तळाशी पाणी, त्यावर घट्ट कापसाचा बोळा, मग बोटभर मोकळी जागा, तोंडाशी दुसरा बोळा. त्यानंतर पाळणाऱ्याला काही न करण्याचं काम असतं, आणि या छंदात तेच सगळ्यांत कठीण. राणी अन्न घेत नाही. उडण्याचे स्नायू आता तिला नको असतात. ते शरीरात विरघळवून त्यावरच ती पहिल्या अळ्या पोसते. महिना-दीड महिन्याने नेहमीच्या मुंगळ्यापेक्षा बारीक अशा चार-सहा कामकरी मुंग्या बाहेर येतात. मधे कुणी रोज नळी उचलून उजेडात पाहिली तर घाबरलेली राणी स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. पुढेही वाढ संथच असते, आणि सहसा सगळा भार त्या एका राणीवर. ती गेली की घरटं हळूहळू संपतं. नवख्याचा यावर जीव मेटाकुटीला येतो हे मला मान्य आहे. पण या वसाहतीतल्या दहा-वीस कामकरी मुंग्या निसटल्या तरी त्यांच्या हातून नवं घर उभं राहत नाही, हे सुरक्षिततेचं कलम तिच्या अवघडपणातच लिहिलेलं आहे.

आता पिवळ्या वेड्या मुंगीकडे, ॲनोप्लोलेपिस ग्रॅसिलिप्सकडे पाहा. तिच्या राणीला उडत जाऊन नर गाठावाच लागतो असं नाही, घरट्याच्या आतच काम भागतं. मग राणी आणि काही कामकरी पायी चालत शेजारी नवं घर करतात, आणि जुन्या-नव्या घरांमध्ये भांडण होत नाही. अशी शेकडो घरटी मिळून एकच अफाट वसाहत होते. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर १९८९ नंतर अशा महावसाहती पसरत गेल्या आणि त्यांनी तिथले लाल खेकडे कोटीच्या हिशेबात मारले. ही मुंगी चावून मारत नाही, फॉर्मिक आम्ल फवारते; खेकडा आधी आंधळा होतो, मग मरतो. हे सगळं लांबच्या बेटावरचं वाटत असेल तर तमिळनाडूचा दिंडिगल जिल्हा फार लांब नाही. २०२२ मध्ये करंदमलईच्या डोंगरपायथ्याच्या गावांत याच मुंग्यांमुळे जनावरांच्या डोळ्यांना इजा झाल्या आणि लोकांना शेतात जाणं मुश्कील झालं.

या मुंग्या तिथे काही कुणाच्या छंदातून पोहोचल्या नव्हत्या, हा पहिला आक्षेप, आणि तो बिनतोड आहे. आजवरची मोठी मुंगी-आक्रमणं मालवाहतुकीबरोबर झाली. आपल्या बांधावर पायाला डसणारी लाल मुंगी, सोलेनॉप्सिस जेमिनाटा, मूळची अमेरिकेची. २०१५ साली जनुकीय अभ्यासातून तिचा प्रवास उलगडला: सोळाव्या शतकात मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून मनिलाला जाणाऱ्या स्पॅनिश जहाजांबरोबर, बहुधा तोल राखण्यासाठी भरलेल्या मातीतून, ती निघाली आणि पुढे जगभर पसरली. म्हणजे आपण जिला गावची समजतो ती साडेचारशे वर्षांपूर्वीच्या व्यापाराची देणगी आहे. मग मूठभर हौशी लोकांनी नळ्यांतून आणलेल्या चार राण्यांनी असा काय फरक पडणार?

फरक पडतो तो निवडीने. जहाजाच्या मातीत जाते ती जी सापडेल ती मुंगी; वाटेत बहुतेक मरतात, पोहोचलेल्यांतल्या बऱ्याच नुसत्या कामकरी असतात. छंदाच्या बाजारात मात्र माणूस मुद्दाम गर्भार राणी निवडतो, तिला पाणी देतो, धक्का लागू नये म्हणून बोळा घट्ट करतो आणि बंदरापासून चारशे किलोमीटर आत असलेल्या शहराच्या दारात कुरिअरने पोहोचवतो. एप्रिल २०२५ मध्ये केनियाच्या नैवाशा भागात बिया गोळा करणाऱ्या मुंग्यांच्या सुमारे ५००० राण्या पकडल्या गेल्या. त्या कापूस घातलेल्या नळ्यांत भरलेल्या होत्या आणि तशा दोन महिने जगू शकल्या असत्या, असं तिथल्या वन्यजीव खात्याचं म्हणणं होतं. मे महिन्यात आरोपींना दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा वर्षभराची कैद अशी शिक्षा झाली. ती जात आक्रमकांच्या यादीतली नव्हती, मुद्दा वाहतुकीचा आहे: आम्ही प्रेमाने वापरतो तीच नळी तस्कराचीही आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये जगभरच्या पाळीव प्राण्यांच्या बाजाराचा हिशेब मांडला. आक्रमक ठरलेल्या जातींचं प्रमाण त्या बाजारात अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं, आणि मुंग्यांच्या बाबतीतही चित्र तसंच होतं. सोपी जात मागण्याच्या आमच्या सवयीचंच ते आकड्यांतलं रूप आहे.

हौसेतून सुटलेला जीव काय करतो हे समजून घ्यायला सोलापूरकराला मुंग्यांपर्यंतही जावं लागत नाही. जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली ती तिच्या जांभळ्या फुलांच्या देखणेपणासाठी. आज ती आपल्या कंबर तलावाने पाहिली आहे आणि भीमेच्या पाण्यानेही. सकर माशाची गोष्ट तर याहून जवळची. दक्षिण अमेरिकेचा हा मासा काचेच्या टाकीसाठी विकला जातो तो शेवाळ खातो, घाण पाण्यात टिकतो आणि मरत नाही म्हणून. म्हणजे सोपा म्हणून. फूटभर वाढला की टाकीत मावत नाही, आणि ज्याला मारवत नाही तो माणूस त्याला नाल्यात किंवा नदीत सोडतो. आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत तो येतो, काटेरी परांनी जाळी फाडतो, आणि अंडी घालायला काठाच्या मातीत बिळं करतो. चिलापीही बाहेरचीच, पण ती निदान भिगवणच्या खानावळीत ताटात तरी येते. सकरला गिऱ्हाईक नाही. कोण्या एका टाकीवाल्याचा यात दोष दाखवता येत नाही, आणि म्हणूनच नुकसानीचा जाब कुणालाच विचारता येत नाही.

दुसरा आक्षेप इथल्या हवेचा. मे महिन्यात पारा ४३-४४ वर, पाऊस बेताचा, काळी जमीन भेगाळलेली. दमट मुलखातली मुंगी इथे जगेलच कशी? उघड्या माळावर जगणार नाही, हे खरंच. पण सोलापूर जिल्हा म्हणजे नुसता उघडा माळ नव्हे. दक्षिण कॅलिफोर्नियात अर्जेंटिनी मुंगीचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की कोरड्या जमिनीत ती शिरते ती पाटबंधाऱ्याच्या आणि बागांच्या ओलीचा हात धरून. आपल्याकडे सांगोला, पंढरपूर, माळशिरसकडे डाळिंब आणि द्राक्षाच्या बागांत ठिबकच्या प्रत्येक तोटीखाली ऐन उन्हाळ्यात ताटाएवढी ओली जागा असते, वर झाडाची सावली आणि बुडात पालापाचोळा. परक्या मुंगीला याहून अधिक काही लागत नाही.

आणि बागेत ती नुसती राहत नाही. डाळिंबावर मावा किंवा पिठ्या ढेकूण आला की त्याच्या अंगातून चिकट गोड द्रव झरतो. मुंगी त्या द्रवासाठी ढेकणांची राखण करते, त्यांना खायला आलेल्या ढालकिड्यांना हुसकावून लावते. ढेकूण काबूत ठेवायला मुद्दाम सोडलेले मित्रकीटकही मग वाया जातात. फांदी जवळून पाहिली तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं: बेचक्यात पांढरा कापसासारखा पुंजका, त्यावर सतत मिशा हलवत फिरणाऱ्या मुंग्या, आणि खालच्या पानांवर काजळीसारखी बुरशी. इथल्या मुंग्याही ही राखण करतातच. पण त्यांची संख्या एकमेकांच्या भांडणांनी आवरलेली असते. महावसाहत करणाऱ्या मुंगीला तो लगाम नाही. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच केगावला आहे. अशा जिल्ह्यात घराच्या गच्चीवर कुठली मुंगी पाळली जाते हा केवळ खाजगी प्रश्न राहत नाही.

नान्नजच्या माळाचं काय, हाही विचार व्हायला हवा. माळढोकासाठी १९७९ मध्ये झालेल्या त्या अभयारण्यात धाविक, चंडोल, माळटिटवी असे कितीतरी पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. माळढोक तर सहसा एकच अंडं घालतो. अमेरिकेत टेक्सासच्या कुरणांत आगमुंग्या, म्हणजे लाल मुंगीची चुलत बहीण सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा, बॉबव्हाइट नावाच्या बटेरासारख्या पक्ष्याच्या पिल्लांना अंड्याचं कवच फुटत असतानाच गाठतात. ही इन्व्हिक्टा आपल्याकडे अजून बस्तान मांडून बसलेली नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ती २००१ मध्ये आढळली तेव्हा आधीच पसरलेली होती आणि तिथला लढा आजही चालू आहे. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला एकच घरटं वेळेवर हाती लागलं, आणि तिथला प्रश्न मिटला. पुरात तर आगमुंग्या एकमेकींना धरून तराफा करतात आणि अंडी-राण्यांसह तरंगत नव्या काठाला लागतात. ह्यूस्टनमध्ये २०१७ च्या पुरात असे तराफे सगळ्या जगाने पाहिले. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला आलेला पूर ज्यांना आठवतो त्यांना यापुढचं सांगायला नको.

लाल मुंगी तर इथे आहेच, मग तीच पाळली तर काय बिघडलं, असंही विचारलं जातं. स्वतःच्या अंगणातली पाळली तर काही बिघडत नाही. पण विकत घेतलेली लाल मुंगी नेमकी जेमिनाटाच आहे हे सूक्ष्मदर्शकाशिवाय ठरवता येत नाही. काही मिलिमीटरच्या या बहिणी नवख्याला एकसारख्याच दिसतात. शिवाय राणीबरोबर माइट्स आणि रोगही येतात.

माझी पेटी पक्की बंद आहे, हा सगळ्यांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद. पेटीच्या काठाला आम्ही काय लावतो ते एकदा नीट पाहावं. टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून आतून दोन बोटं रुंद पट्टा ओढायचा. स्पिरिट उडून गेलं की उरलेल्या पिठीवर मुंगीचा पाय टिकत नाही, ती घसरून खाली पडते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा पट्टा आठवडेच्या आठवडे राहतो. जूनमध्ये हवा दमट झाली की पिठी ओल धरते, तिचे पोपडे निघतात आणि मुंग्या नेमक्या त्या पोपड्यांच्या वाटेने वर चढतात. महागडा टेफ्लॉनचा लेपही पावसाळ्यात दगा देतो. म्हणजे बाहेरची जमीन ओली होऊन मुंगीला राहण्याजोगी होते तेव्हाच आतली तटबंदी सर्वांत कच्ची असते. एकराणी मुंगळ्यांपैकी चार निसटले तर नुकसान माझं. वेड्या मुंगीची एक राणी दहा कामकऱ्यांसह निसटली तर ते गावाचं.

कायदा याबाबत काय म्हणतो? वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परकीय जातींची आयात, व्यापार, बाळगणं यांवर बंधन घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला. ही दुरुस्ती हवीच होती. पण तिथे परकी म्हणजे भारताबाहेरची. सह्याद्रीच्या ओल्या रानातली किंवा आसामातली मुंगी सोलापुरात आणायला ते कलम अडवत नाही, आणि मुंगीला राज्याची किंवा देशाची सीमा कळत नाही, ओल आणि ऊन कळतं. इथे पाळणाऱ्यानेच स्वतःला नियम घालून घ्यावा लागतो: आपल्या तालुक्यात, आपल्या डोळ्यांसमोर उडालेली राणीच घ्यायची. छंद यामुळे कोता होतो, हे मला पटत नाही. भारतातल्या मुंग्यांच्या २०१६ च्या यादीत जाती-उपजाती मिळून ८२८ नावं आहेत, आणि त्यांतल्या कितीतरींचं घरट्यातलं आयुष्य कुणी नीट लिहून ठेवलेलं नाही. काय खाते, पहिली कामकरी कितव्या दिवशी निघते, उड्डाण कुठल्या पावसानंतर होतं, हे नोंदवणारा सोलापूरचा पाळणारा परदेशातून सोपी मुंगी मागवणाऱ्यापेक्षा जास्त शिकेल आणि इतरांच्याही उपयोगी पडेल.

राहता राहिली ती जीवदया. मुंग्यांच्या वारुळाला साखर-पीठ घालणाऱ्या घरांत आपण वाढलो. आठ-नऊशे जिवांची वसाहत मारायची म्हटली की हात धजावत नाही, आणि मग ती एखाद्या बागेच्या कोपऱ्यात सोडून देण्याचा मोह होतो. सकर मासा उजनीत असाच गेला. ज्याच्याकडे विकत घेतलेली, मूळ ठाऊक नसलेली वसाहत आहे आणि ती सांभाळणं आता जमत नाही, त्याने ती नळीसकट घट्ट बंद डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवावी, निदान दोन दिवस. थंडीने मुंग्या आधी सुस्त होतात, मग थांबतात. घरट्यातली माती, कापसाचे बोळे, उरलेलं अन्न हेही त्याच डब्यात जायला हवं, कारण अंडी आणि बारीक अळ्या कापसात अडकून राहतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. त्यानंतरच डबा रिकामा करावा, आणि काच उकळत्या पाण्याने धुवावी.